उघड्या विटेचं खूळ

आमच्या शाळेच्या व्हरांड्यातला गिलावा एका दुपारी चौथ्या तासाला पडला. कुणाला लागलं नाही. मुलं वर्गात होती, व्हरांड्यात फक्त पाण्याचं पिंप होतं, त्याचं झाकण तेवढं चेपलं. मुख्याध्यापक धावत आले, मुलांना मागच्या दारानं मैदानात काढलं, सगळे लिंबाखाली जाऊन उभे राहिले. मी मात्र परत व्हरांड्यात गेले. गिलावा पडला तिथं मला काहीतरी दिसलं होतं.

भिंतीत कमान होती. वीस वर्षं मी त्या भिंतीला पाठ टेकून वह्या तपासल्या आणि माझ्या पाठीमागं अख्खी विटांची कमान उभी होती, मला पत्ता नाही. विटा पंख्यासारख्या पसरलेल्या, प्रत्येक वीट शेजारणीच्या अंगावर जराशी रेललेली, परीक्षेच्या दिवसांत स्टाफरूममध्ये आम्ही बाया रेलतो तशी. रंग तांबडा, मधेच एखादी काळपट, तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीसारखी.

मुख्याध्यापक लांबूनच ओरडले, "बाई, भेगा मोजायलाव काय? इकडं या आधी!"

"सर, कमान आहे."

"मग ती काय पळून जायलीय?"

पळून नाही गेली, पण आठ दिवसांत तिच्यावर पुन्हा सिमेंट चढलं. तोवर मी मोबाइलमध्ये तिचे इतके फोटो काढून ठेवले होते की एवढे फोटो माझ्या लग्नात माझेसुद्धा निघाले नव्हते.

नेमकं त्याच सुमाराला आमचं घर बांधायला निघालं होतं. गंगाखेड रस्त्याला आमचा एक प्लॉट होता, तिथं पाया भरून झाला होता. आम्ही चौघं अजून भाड्याच्या तीन खोल्यांत राहत होतो: मी, माझा नवरा आणि माझे आईवडील. वडिलांना मी दादा म्हणते आणि आईला माय. नवरा एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर लोकांची कटकट ऐकून तो घरी येतो, त्यामुळं घरातली कटकट त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही.

जेवताना मी जाहीर केलं, "हॉलची एक भिंत आपण उघड्या विटांची ठेवायची."

नवरा म्हणाला, "पंख्याचा हूक कुठं येणार तेवढं सांग. बाकी तुमी बाप-लेक बघा."

दादांचा घास हातातच राहिला. "उघडी म्हंजे?"

"गिलावा करायचा नाही. विटा दिसू द्यायच्या."

"बाई, सदरा न घालता कुणी लग्नाला जातंय का?"

"अहो दादा, जुन्या इमारतींत किती छान दिसतात विटा."

"जुन्या इमारतींत पाली बी दिसतात. त्या बी आणायच्या का?"

मायला हसता हसता ठसका लागला. त्या दिवशी विषय तिथंच थांबला.

इथं दादांबद्दल थोडं सांगायला हवं. परभणीला सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागायच्या आधी त्यांनी सोनपेठकडं, गोदावरीच्या काठाला, वीटभट्टीवर तीन हंगाम काम केलं होतं. मला हे माहीत होतं, पण कुणाचे वडील तरुणपणी कुस्ती खेळायचे हे जसं माहीत असतं, तसं. विषय निघाला की ते म्हणायचे, "चिखल तुडवला, पाय फोडून घेतले, दुसरं काय?" आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे. म्हणून मला वाटलं, ह्यांना नेऊन एकदा चांगल्या जुन्या विटा दाखवाव्यात. मन वळेल.

रविवारी सकाळी मी स्कूटी काढली. दादा गळ्यात दस्ती टाकून मागं बसले. "बाजारात काय बघायचंय? बाजार मी रोज बघायलोय," असं म्हणत बसले, पण बसले.

माझा जन्म परभणीतच गेला, तरी बाजारात मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. बाजारात माणूस कांद्याकडं बघतो. वर बघून चालायचं म्हटलं तर खाली शेण असतं, हातगाडे असतात आणि समोरून ओळखीचं कुणीतरी येत असतं. त्या दिवशी आम्ही गाडी एका कडेला लावली आणि नुसतं वर बघत चालायला लागलो. खालच्या मजल्यावर शटर, एलईडीचे बोर्ड, मोबाइलदुरुस्ती, साड्यांचा सेल. आणि त्याच दुकानांच्या डोक्यावर वेगळंच गाव. छज्ज्याखाली विटांची दातेरी पट्टी, एक वीट बाहेर, एक आत. अर्ध्या चंद्राच्या खिडक्या. वेलबुट्टीचे लोखंडी कंस, ज्यांना आता केबलच्या वायरी लोंबकळत होत्या. एका सुंदर कमानीवर कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ताणला होता. भाऊंच्या गॉगलजवळ फ्लेक्स फाटला होता आणि तिथून दोन विटा आमच्याकडं डोकावत होत्या.

एका भांड्यांच्या दुकानापाशी मी फोटो काढायला थांबले. दादांनी उगीच भिंतीवर वीत टाकून खांबाची रुंदी मोजायला सुरुवात केली. दुकानदार बाहेर आला. "काय मोजायलाव?"

दादांनी मान न वळवता, कचेरीतल्या त्यांच्या जुन्या आवाजात सांगितलं, "साहेब मागून येतायत."

दुकानदाराचा चेहरा उतरला. फुटपाथवर मांडलेल्या बादल्या, घमेली, स्टीलचे हंडे धडाधड आत जायला लागले. ते बघून शेजारच्यानं प्लास्टिकच्या खुर्च्या आत ओढल्या. त्याच्या शेजारच्यानं कपडे घातलेला पुतळा उचलून आत नेला. पाच मिनिटांत ती गल्ली दीडपट रुंद झाली. महापालिकेला इतक्या वर्षांत जमलं नाही ते दादांनी एका वाक्यात केलं.

"दादा!" मी दातओठ खात म्हटलं.

"मी काय खोटं बोललो? कुणीतरी साहेब मागून येतच असतो."

मला लाज वाटली. मी दुकानात जाऊन खरं काय ते सांगितलं: मी शिक्षिका आहे, मला जुन्या विटांचं वेड आहे, आणि हे माझे वडील आहेत, ह्यांना थट्टेचं वेड आहे. दुकानदार आधी माझ्याकडं बघत राहिला, मग दादांकडं, आणि मग इतका मोठ्यानं हसला की आतले डबे वाजले. चहा मागवला आणि म्हणाला, "चला, वरचं बी बघून घ्या मग. लय जुनं हाय."

वर त्याचं गोदाम होतं. अरुंद लाकडी जिना चढून गेलो तर ॲल्युमिनियमच्या पातेल्यांच्या उतरंडींमागं एक उंच खिडकी, वर तांबड्या-हिरव्या काचांचं रोशनदान. ऊन आत आलं होतं आणि सगळी पातेली निम्मी तांबडी, निम्मी हिरवी झाली होती. दुकानदार स्वतःच खिडकीकडं बघायला लागला. "मी रोज वर येतो, भांडी घेतो, खाली जातो," तो म्हणाला. "खिडकी बघायला कधी आलोच न्हाई."

दादा तोवर भिंतीपाशी गेले होते. त्यांनी बोटाच्या पेरानं एका विटेवर टिचकी मारली. टण्ण. मग दुसरीवर. टण्ण. "भाजलीय," ते म्हणाले. "बेस भाजलीय." आणि मग विरोधी पक्षाच्या माणसाचं कौतुक तोंडून निसटावं तसे घाईघाईनं जिना उतरून खाली गेले.

पुढच्या रविवारी मी उठायच्या आत ते दस्ती गळ्यात टाकून तयार होते.

मग आमचे रविवार असेच जायला लागले. दादा मला शिकवत आणि आपण शिकवत नाही आहोत असं भासवत. जास्त जुनी वीट चपटी असते, अंगानं बारीक. नंतरची जाड आणि चौकोनी, तिच्या पोटात कारखान्याचं अक्षर दाबलेलं. दोन विटांमधला चुना पांढराशुभ्र असेल तर मऊ वाटतो, पण नखानं निघत नाही. वीट कच्ची असेल तर टिचकीला 'भद' वाजते, आणि असली वीट घरात आली की, दादांच्या मते, भाडेकरूसारखी असते, पहिल्या पावसाला रडते. मला हे सगळं लिहून घ्यावंसं वाटायचं. मी वही काढली की ते गप्प बसत.

एकदा आम्ही रेल्वेनं पिंगळीला गेलो, रुळाकडेच्या एका मोडक्या विटांच्या खोलीसाठी. खोलीला छप्पर नव्हतं, पण कोपरे अजून काटकोनात होते. दादा भिंतीला कान लावून टिचक्या मारत होते. गाडीची वाट बघत बसलेल्या एका बाईनं मला हळूच विचारलं, "बाबांना ऐकू येत न्हाई का?"

दादांना अगदी नीट ऐकू गेलं. "ऐकू येतंय," ते म्हणाले. "भिंतीला इचारायलोय, गाडी कितीला हाय."

बाईनं गंभीरपणे विचारलं, "मग काय म्हणली?"

"लेट हाय म्हणली."

आणि गाडी खरोखर लेट आली. ती बाई डब्यात चढताना दादांकडं मोठ्या आदरानं बघत होती.

एवढं सगळं होऊनही आमच्या भिंतीबद्दल त्यांचं मत बदललं नव्हतं. मी विषय काढला की म्हणायचे, "दुसऱ्याची उघडी भिंत बघायला ठीक हाय."

मग एके दिवशी भांडीवाल्याचा फोन आला. रेल्वे स्टेशनच्या अलीकडं कापसाच्या जिनिंगची एक जुनी कचेरी होती, ती पाडायला काढली होती. "लगीच या," तो म्हणाला. "जेसीबी येऊन उभा हाय."

शाळेला अर्धी रजा टाकून मी गेले. दादा आधीच रिक्षानं पोचले होते आणि येताना मायलाही घेऊन आले होते, कारण तिला म्हणे जेसीबी जवळून बघायचा होता. पुढची भिंत अजून उभी होती, तिच्यात विटांची रुंद कमान. मागची निम्मी पडली होती. दारं-खिडक्या एका म्हाताऱ्या चाचांनी घेतल्या होत्या. त्यांचा जुन्या लाकडाचा धंदा, सगळ्या चौकटी त्यांनी भिंतीला ओळीनं टेकवून ठेवल्या होत्या. त्यात एक वस्तू बघून मी थबकले. सागवानी जाळी, मधोमध अर्धगोल भोक, त्याच्या खाली हात टेकून टेकून गुळगुळीत झालेली फळी. कचेरीतल्या मुनिमाची खिडकी.

"चाचा, ही मला पाहिजे."

चाचांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बेटी, खिडकी ले जाते तो ले जाओ. पीछे बैठने को मुनीम किधर से लाते?"

माय मागून म्हणाली, "मी हाय की."

पाडकामाचा ठेकेदार तरुण होता, त्याला जुन्या विटांचं काहीच पडलं नव्हतं. भरावात टाकणार होता. "न्या तुमाला लागतील तेवढ्या," म्हणाला, "पण माझी माणसं उचलून देणार न्हाईत." दादांनी सदऱ्याच्या बाह्या सरकवल्या. सत्तरी ओलांडलेला माणूस ढिगाऱ्यात उकिडवा बसला आणि एकेक वीट हातात घेऊन वाजवायला लागला. टण्ण, इकडं. भद, तिकडं. आम्ही दोघी टण्ण वाजलेल्या विटा रचत होतो. मधेच ते थांबले आणि एक वीट उलटी करून हसायला लागले. विटेच्या पाठीवर कुत्र्याचा पंजा उमटला होता, चारी बोटं स्वच्छ. ओल्या विटा वाळत घातलेल्या असताना कुत्रं वरून गेलं असणार.

"आमच्या भट्टीवर असलंच एक होतं," ते म्हणाले. "मालक त्याच्या मागं काठी घेऊन पळायचा. आन् ते मुद्दाम ओल्यातूनच जायचं." मग त्या दुपारी, त्या धुळीत, त्यांनी पहिल्यांदा भट्टीबद्दल नीट सांगितलं. साचा कसा धरायचा, राख कधी भुरभुरायची, मायंदळ थंडीत भट्टीच्या उबेला पाठ लावून भाकरी कशी खायची. माय म्हणाली, "मला बी हे कधी सांगितलं न्हाई तुमी."

"तू कधी इचारलंस?"

"चाळीस वर्षं इचारायलेय."

आमचे मिस्त्री ट्रॅक्टरमधून उतरलेला माल बघून कपाळाला हात लावून बसले. जुन्या विटा, मुनिमाची खिडकी, चाचांकडचंच काचांचं एक गोल रोशनदान आणि दादांनी मला न सांगता घेतलेल्या तीन लोखंडी खुंट्या, ज्यांवर अख्खं बैलाचं जू टांगता आलं असतं. "ताई," मिस्त्री म्हणाले, "लोक जुनं पाडून नवं करायलेत. तुमी नव्या घरात जुनं घालायलाव. आता ह्या विटांचं करायचं काय?"

"कमान," मी म्हटलं. "हॉलमधून आतल्या खोलीत जायच्या वाटेवर."

"कमान आता कोण करतंय? लिंटेल टाकू, झटक्यात होईल."

"मी करतो," दादा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी विटा थापल्या होत्या, भाजल्या होत्या, वाहिल्या होत्या. रचली मात्र एकही नव्हती. पण ते इतक्या ठामपणे बोलले की मिस्त्रींनी नकळत ओळंबा त्यांच्या हातात दिला.

पहिली कमान दोन दिवस उभी राहिली. खाली फळ्या आणि मातीचा आधार होता तोवर ती फार रुबाबात होती. तिसऱ्या दिवशी दादांना राहवलं नाही, त्यांनी आधार काढायला लावला, आणि कमान एखादा थकलेला पाहुणा गादीवर बसतो तशी, आवाज करून खाली बसली. आम्ही सगळे लांब उभे होतो, कुणाला काही झालं नाही. धूळ हळूहळू खाली बसली. मग माय म्हणाली, "चहा घ्या आन् पुन्हा करा. पहिली भाकरी बी कुणाची गोल येत न्हाई."

दुसऱ्या वेळी मिस्त्री आणि दादा दोघं मिळून बसले. आधी जमिनीवर खडूनं अर्धवर्तुळ काढलं, त्यावर विटा कोरड्याच मांडून बघितल्या, घासल्या, पुन्हा मांडल्या. ह्या खेपेला आधार काढायची घाई नको म्हणून मिस्त्रींनी दादांना कमानीपासून दहा पावलांवर खुर्ची टाकून बसवलं आणि उठायचं नाही असं बजावलं. दादा पंधरा दिवस रोज तिथं जाऊन बसले. आधार निघाला. कमान जागची हलली नाही. दादांनी तिच्या मधल्या विटेवर टिचकी मारली, आणि तो आवाज आम्हा सगळ्यांना ऐकवण्यासाठी पुन्हा मारली.

आता फक्त कमानीभोवतीच्या भिंतीचा प्रश्न होता. मी समजत होते की तो सुटला.

त्यानंतरच्या आठवड्यात देवगाव फाट्याजवळच्या एका शाळेत आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. सकाळी अंधारात निघायचं आणि संध्याकाळी दमून यायचं, प्लॉटवर जायला वेळच नाही. रोज मी विचारायचे, "काम कसं चाललंय?" रोज दादा म्हणायचे, "झकास." माय ताटाकडं बघायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मायला ताटाकडं एवढं बघायची सवय नाही.

तिसऱ्या दिवशी प्रशिक्षण लवकर सुटलं. फाट्यावर बसची वाट बघताना मी दादांना फोन लावला. ते प्लॉटवरच होते. "झकास," म्हणाले. पण मागून मिस्त्रींचा आवाज आला, "दादा, हॉलची भिंत घोटून घेऊ का आता?"

घोटून घेतात तो फक्त गिलावा. फोन कट झाला.

बस इतकी हळू त्या दिवशी चालली की मला उतरून ढकलावीशी वाटली. मी थेट प्लॉटवर गेले. हॉलची ती भिंत, माझी भिंत, वरपासून खालपर्यंत गुळगुळीत राखाडी झाली होती. मिस्त्री मला बघून पाण्याच्या टाकीमागं गेले.

"दादा, हे काय केलंत?"

"गिलावा."

"ते दिसतंय मला! कामून केला? आपलं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "सोमवारी गावाकडनं माझा चुलतभाऊ आलता, घर बघायला. सगळं फिरून बघितलं. ह्या भितीपाशी आला आन् म्हणला, का दादा, सिमिट पुरलं न्हाई काय?"

"मग तुम्ही सांगायचं ना, ही पद्धत आहे म्हणून!"

"त्याला काय सांगू? त्यानं बी बघितलंय आमचं घर. गावाच्या भाईर होतं. भितीला गिलावा न्हवता, दगड-माती. पावसाळ्यात इंचू निघायचे. तुझी आजी पांढऱ्या मातीनं सारवायची, एक मोठा पाऊस आला की सगळं वाहून जायचं, पुन्हा सारवायची." ते उलट्या घमेल्यावर बसले. "कचेरीत कामाला लागलो त्या दिवशी साहेबाच्या खोलीत पहिल्यांदा गेलो. आन् भितीला हात लावला. अशी भित मी कधी हातानं बघितलीच न्हवती. हात फिरवत ऱ्हायलो. बडे बाबू म्हणले, का रे, भित पुसायलास का? मी म्हणलं, व्हय साहेब. आन् खरंच दस्तीनं पुसून काढली अख्खी भित."

सांगताना ते हसत होते. मलाही हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. भांडायला म्हणून मी वाक्यं तयार करून आणली होती, बसमध्ये, एकाहून एक सरस. त्यातलं एकही उपयोगाचं राहिलं नाही.

मग माझं लक्ष गेलं. गिलावा सगळ्या भिंतीवर होता, पण कमानीपाशी येऊन थांबला होता. कमानीची प्रत्येक वीट तशीच उघडी, कडेनं गिलावा इतका नीट कापलेला की जणू कुणी कात्री चालवली होती.

"ही कामून सोडली?" मी विचारलं.

दादा खिडकीबाहेर बघायला लागले. "ती मी केलीय."

माझा राग त्या क्षणी गेला असं मी म्हणणार नाही. चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले आणि ते माझ्याशी फारच गोड बोलले, जे जास्त त्रासदायक होतं. नवऱ्यानं दोघांकडं बघितलं आणि पंख्याचा हूक कुठं येणार हे तिसऱ्यांदा विचारलं. मग गिलावा वाळला आणि भिंतीला पांढरा रंग लागला. त्या पांढऱ्यात ती तांबडी कमान एकटी अशी काही उठून दिसली, की अख्खी भिंत विटांची असती तर ती त्यात हरवूनच गेली असती. हे मी दादांना अजून सांगितलेलं नाही.

घर झालं. राहायला जायच्या दिवशी सकाळी विहारातली माणसं आली, वंदना झाली, पंचशील झालं, मग खीर. मुनिमाची खिडकी स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधल्या भिंतीत बसली होती. तिच्यामागं माय नवीन लुगडं नेसून बसली आणि अर्धगोल भोकातून एकेक वाटी सरकवत होती. "गर्दी करू नका. वळीनं या. ज्याचं झालं त्यानं बाजूला व्हा." लोक खरंच ओळीत उभे राहिले. भांडीवाला दोनदा ओळीत लागला आणि पकडला गेला.

कमानीपाशी जो येई तो विचारी, "एवढंच कामून ऱ्हायलं?" दादांनी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. एकाला म्हणाले, मिस्त्री पळून गेला. दुसऱ्याला म्हणाले, सरकारी नियम आहे, नव्या घरात थोडी वीट दिसलीच पाहिजे. आमच्या मुख्याध्यापकांना त्यांनी अत्यंत आदरानं सांगितलं, "सर, ही तुमच्याच शाळेतनं पळून आलीय."

तो चुलतभाऊही आला होता. मी मुद्दाम जवळ जाऊन उभी राहिले. त्यानं खीर संपवली, कमानीखालून एकदा तिकडं गेला, एकदा इकडं आला, विटांवर हात फिरवला आणि म्हणाला, "दादा, गावात मी बी पुढच्या खोलीचं काम काढलंय. मला बी असली एक करून द्या की."

दादांनी नको नको म्हणून मान हलवली, पण कानांपर्यंत हसू गेलं होतं. दुसऱ्या महिन्यात ते पिशवीत ओळंबा, दोरी आणि खडू घेऊन एसटीनं सोनपेठला गेले आणि तिथून पुढं गावाला. वीस दिवस राहिले. रोज फोनवर मला कमानीची खबर द्यायचे: आज मांडली, आज बसवली, आज आधार काढला, हलली न्हाई बघ. ही आमच्या कमानीपेक्षा मोठी होती. तिच्या फोटोत चुलतभावाचं अख्खं घरदार कमानीखाली उभं होतं.

दिवाळीला आम्ही सगळे ती बघायला गेलो. चुलतभाऊ दारातच भेटला, खुशीत होता. पुढच्या खोलीत नेलं. खोली फिकट गुलाबी रंगात न्हाऊन निघाली होती, भिंती चकचकीत, आणि कमानही. तिच्यावर त्यानं चांगला जाड गिलावा करून घेतला होता, वरून रंगाचे दोन हात.

"मस्त झाली न्हवं?" तो म्हणाला. "विटा दिसायल्या होत्या, बरं वाटत न्हवतं. म्हणलं, दादांनी एवढी मेहनत घेतलीय, नीट झाकून घेऊ."

दादांनी चहा घेतला. चिवडा खाल्ला. रंग छान आहे म्हणाले. परत येताना बसमध्ये परभणी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मी खिडकीकडं तोंड करून बसले, कारण मला हसू आवरत नव्हतं.